झरीच्या वर काय आहे?

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत पाणी शोधत हिंडावे लागत नाही. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरच्या चार महिन्यांत कोसळून जातो. तो ओसरल्यावरही पठारांच्या पायथ्याला झरी वाहत राहतात, व्हाळांत कोंडी भरलेल्या असतात, देवळांपुढे तळ्या असतात, वाड्यावाड्यावर विहिरी असतात. तरीही या भागातून चार दिवस पायी जाणाऱ्याच्या पाठीवर बाटल्यांचे ओझे असते, नाहीतर मागून पाण्याचे कॅन भरलेली गाडी येत असते. पाणी समोर दिसते, पण ते प्यावे की नाही हे कोणाला विचारायचे, हा प्रश्न आहे.

पाण्याचा रंग, चव आणि गारवा यांवर या प्रश्नाचे उत्तर ठरत नाही. झरीच्या वर, उतारावर काय आहे, यावर ते ठरते. आणि त्या पाण्याची रोज राखण करणारे कोणी गावात उरले आहे का, यावरही ठरते. या दोन कसोट्या लावून पेडणे-डिचोलीच्या वाटा पाहिल्या, तर कुठे ओंजळ धरावी आणि कुठे हात मागे घ्यावा याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

चालणारे कोण आणि कधी

खुणांचे दगड, नकाशे आणि मुक्कामाच्या खोल्या असलेली लांब पल्ल्याची आखीव पायवाट गोव्यात नाही. लांब चालणारे मात्र पुष्कळ आहेत. आषाढीच्या आधी गोव्याच्या गावागावांतून पंढरपूरकडे दिंड्या निघतात. सांखळीच्या विठ्ठल मंदिरामुळे डिचोली तालुक्याचे पंढरीशी नाते जुने आहे. चोर्ला घाट चढून कणकुंबीवरून बेळगाव गाठले, तर पुढची वाट धरून एकूण चाल तीनशे किलोमीटरच्या वर जाते. शिर्डीला पायी जाणाऱ्या साईभक्तांची वाट याहून कितीतरी लांब. उलट्या दिशेने, नोव्हेंबरच्या अखेरीस, सिंधुदुर्ग, बेळगाव आणि कारवारकडून ख्रिस्ती भाविक जुन्या गोव्याला पायी येतात. २४ नोव्हेंबरला नोव्हेना सुरू होते आणि ३ डिसेंबरला सेंट झेवियरचे फेस्त असते. सावंतवाडीकडून येणारे पत्रादेवीला पेडणे तालुक्यात शिरतात. वैशाखात शिरगावच्या लईराई देवीचे भक्त, म्हणजे धोंड, व्रतासाठी झरी, तळ्या आणि विहिरींच्या काठी राहतात. आणि पाऊस संपला की ट्रेकिंगवाले चोर्ल्याच्या बाजूची राने धुंडाळायला निघतात.

पाण्याच्या दृष्टीने या सगळ्यांचे हंगाम सारखे नाहीत. सर्वांत वाईट वेळ आषाढीच्या वारकऱ्यांच्या वाट्याला येते. आठ महिने उतारावर साचलेली घाण, गुराढोरांचे शेण, उघड्यावरचा कचरा आणि भरून वाहणाऱ्या शोषखड्ड्यांतले पाणी पहिल्या पावसांबरोबर विहिरींत आणि व्हाळांत उतरते. भोवताली पाणीच पाणी असते, पण त्यातले पिण्यालायक सर्वांत कमी याच दिवसांत असते. नोव्हेंबर-डिसेंबरचे दिवस उत्तम. पठार मुरलेले असते, झरी भरात असतात, गढूळपणा बसलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत प्रश्न पालटतो. व्हाळ तुटतात, कोंडीत साचलेल्या पाण्यावर गुरे आणि रानडुकरे येतात. जे झरे तेव्हाही वाहतात ते खोलवरचे म्हणून जास्त भरवशाचे, पण ते मोजकेच असतात.

जांभ्याच्या पोटातले पाणी

पेडणे आणि डिचोलीची पठारे जांभ्या दगडाची आहेत. हा दगड भोकाभोकांचा, पाऊस झटकन पोटात घेणारा. त्याच्याखाली चिकणमातीसारखा मऊ थर असतो आणि तो पाणी सहज पुढे सोडत नाही. वरून मुरलेले पाणी या थरावर अडते, आडवे सरकते आणि पठाराच्या कडेला, जिथे जांभा संपून उतार सुरू होतो, तिथे झर होऊन बाहेर पडते. म्हणून या भागातले जुने वाडे, देवळे आणि माडा-पोफळीची कुळागरे पठाराच्या माथ्यावर नसून पायथ्याला सापडतात. पेडण्यात सरमळ्याच्या माउली देवळाजवळची झर त्यांपैकीच.

जांभ्याचा हा गुण दुधारी आहे. वाळूच्या जाड थरातून पाणी सावकाश गाळत जाते, तेव्हा जंतू वाटेतच अडकतात किंवा मरतात. जांभ्याच्या भोकांतून आणि भेगांतून ते घाईने पळते. वर पठारावर जंगल असेल तर खाली झरीला बरे पाणी येते. वर वस्ती, पोल्ट्री किंवा कचऱ्याचा ढीग असेल तर तोही फार वेळ न लावता खाली पोहोचतो. जांभ्यातले पाणी मुळात थोडे आम्लधर्मीही असते. भारतीय मानक आयएस १०५०० पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा असे सांगते आणि किनारपट्टीच्या विहिरींचे पाणी पुष्कळदा त्याच्या खाली उतरते. एक-दोन दिवस पिणाऱ्या वाटसरूला त्याने काही होत नाही. लोहाचा तांबूस थर आणि गंजाची चव यांचेही तसेच. चव बिघडते म्हणून लोक असे पाणी टाकतात आणि शेजारच्या निवळशंख पण मैलापाणी मिसळलेल्या विहिरीचे आनंदाने पितात. याच मानकाप्रमाणे शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू एकही असता कामा नये, आणि तो डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही.

पण झरीसमोर उभे राहून थोडे पाहिले तर काही गोष्टी नक्की कळतात. पाणी दगडाच्या भेगेतून एकसारख्या बारीक धारेने येते की मातीतून पाझरून डबक्यात जमते? धार पडते तिथे कोणी पन्हळ बसवली आहे का, की भांडे आणि हात पाण्यात बुडवूनच घ्यावे लागते? मोठा पाऊस पडून गेल्यावर काही तासांत धार गढूळ होते का? होत असेल तर वरचे पाणी न गाळताच खाली येते आहे आणि त्या झरीवर पावसाळ्यात भरवसा ठेवू नये. पावसातही निर्मळ, उन्हाळ्यातही जवळपास तेवढीच आणि तेवढीच गार असलेली धार लांबचा प्रवास करून आलेली असते. पाण्यात बेडूक आणि मासे आहेत म्हणून ते शुद्ध, ही समजूत मात्र सोडून द्यावी. माशाला चालते ते माणसाच्या आतड्याला चालतेच असे नाही.

धबधबे आणि तळी यांनाही हीच कसोटी. हरवळ्याचा धबधबा देखणा आहे, पण त्यात पडणारे पाणी वरच्या गावांतून, शेतांतून आलेले आहे. हरमलच्या समुद्रालगतचे गोड्या पाण्याचे तळे पर्यटकांच्या अंघोळीचे आहे. मयेचे तळे नौकाविहाराचे. गोड पाणी म्हणजे पिण्याचे पाणी नव्हे. शिवाय पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उतरल्याने लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेले त्याचे जंतू पायावरच्या जखमेतूनही शरीरात शिरतात, आणि दिवसभर चालणाऱ्याच्या पायाला जखम असतेच.

उतारावर काय काय आले

डिचोलीत उतारावर लोहखनिजाच्या खाणी आल्या. उघड्या खाणीत खनिजापर्यंत पोहोचायला खड्डा भूजलपातळीच्या खाली न्यावा लागतो आणि तो कोरडा ठेवायला पाणी सतत उपसावे लागते. उपसा सुरू झाला की आजूबाजूच्या विहिरी आणि झरी आटतात. शिरगावात हेच झाले. विहिरी कोरड्या पडल्या, शेते बुजली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेले आणि अभ्यासाचे काम नागपूरच्या नीरी संस्थेकडे आले. लईराईच्या जत्रेला हजारो धोंड ज्या गावात जमतात, त्याच गावाची पाण्याची ही गत झाली.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये गोव्यातले खाणकाम थांबवले. ते पुढे पुन्हा सुरू झाले. फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने लीजचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. लिलावाने नव्या खाणपट्ट्यांची सुरुवात झाली ती डिसेंबर २०२२ मध्ये, डिचोलीपासूनच. या काळात जुने खड्डे पाण्याने भरले. वरून पाहिले तर निळे-हिरवे, स्वच्छ, थेट तळे वाटावे असे. खाणीच्या खड्ड्यांतले पाणी उन्हाळ्यात पंपाने नदीत सोडून पुढे शुद्धीकरण केंद्रात घेतले गेल्याचेही घडले आहे. पण गाळून, क्लोरीन घालून नळाला येणारे पाणी वेगळे आणि खड्ड्याच्या काठाशी बाटली बुडवून घेतलेले वेगळे. खनिजांतून आलेले लोह आणि मँगनीज उकळल्याने जात नाहीत. पाणी आटले की त्यांचे प्रमाण उलट वाढते. काठ ढासळून बुडण्याचा धोका वेगळाच. खाणीच्या खड्ड्यातले पाणी वाटसरूने पिऊ नये, एवढे सांगणे पुरे.

पेडण्यात उतारावर विमानतळ आला. मोपाच्या पठाराच्या कडेने झरी आहेत आणि त्यांवर खालच्या वाड्यांची शेती-बागायती अवलंबून आहे. पर्यावरण परवान्यावरून हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने परवाना स्थगित केला, जानेवारी २०२० मध्ये नव्या अटींसह मार्ग मोकळा केला. डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. विमानतळाच्या बाजूने की विरोधात, हा वाद इथे नको. पाण्याचा हिशेब सोपा आहे. पठारावर जेवढे काँक्रीट तेवढे मुरणे कमी, आणि भोवती जेवढी बांधकामे तेवढे सांडपाणी जास्त. मोपा, वारखंड या भागातून जाणाऱ्याने दहा वर्षांपूर्वीच्या माहितीवर विसंबून झरीला तोंड लावू नये. आज तिथे कोण पाणी भरतो ते विचारावे.

तिसरा पाहुणा तिळारीचा कालवा. गोवा आणि महाराष्ट्र यांनी १९९० मध्ये करार करून दोडामार्गच्या बाजूला धरण उभे केले. त्याचे पाणी कालव्यांनी पेडणे, डिचोली आणि बार्देशपर्यंत येते. चांदेलच्या शुद्धीकरण केंद्रातून ते घराघरांत जाते. कालवा गळला किंवा फुटला की नळ कोरडे पडतात आणि गावात टँकर फिरू लागतो. वाटेत मुक्कामाच्या देवळात किंवा हॉलमध्ये टाकी भरलेली दिसली, तर ती नळाने भरली की टँकरने, हे विचारायला लाजू नये. उघड्या कालव्यातले पाणी तर कच्चेच असते. त्यात कपडे धुतले जातात, म्हशी डुंबतात.

चोर्ला घाट चढून गेले की परिस्थिती पालटते. वस्ती विरळ होते, रान दाट होते. कणकुंबीच्या परिसरात मलप्रभा उगम पावून पूर्वेला जाते आणि तिथलाच कळसा नाला पश्चिमेला म्हादईकडे वळतो. त्या पाण्यावरून गोवा आणि कर्नाटक दशके भांडत आहेत आणि लवादाचा निवाडा ऑगस्ट २०१८ मध्ये आला. पायी जाणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हा सगळ्या वाटेवरचा चांगला पट्टा. वर वस्ती कमी, म्हणून पाणी बरे. तरी बरे म्हणजे शुद्ध नव्हे. रानातली जनावरेही पाणी बिघडवतात, आणि सहलीला येणारी माणसे त्याहून जास्त.

नळ आला, राखण गेली

मुक्तीपूर्वी बाजाराला जाणारा बोजेवाला याच वाटांनी चालत होता. डोक्यावरचा भारा मदतीशिवाय उतरवता आणि पुन्हा उचलता यावा म्हणून बांधलेली चिऱ्यांची दवरणी अजून जुन्या वाटांवर दिसतात. विसाव्याला पाणी लागतेच, तेव्हा दवरण्याच्या आसपास झर किंवा विहीर असणे स्वाभाविक होते. ते पाणी वाटसरूसाठी कोणी मुद्दाम तपासत नव्हते. वाड्यावरचे लोक तेच पीत होते. झरीवर गुरे सोडणाऱ्याला शेजारीच बोलत होते, विहिरीचा गाळ दरवर्षी निघत होता, आणि पाणी बिघडले तर आजार घरातच येत होता.

ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा हे सर्व ग्रामीण घरांना नळजोडणी दिल्याचे प्रमाणित झालेले देशातले पहिले राज्य ठरले. खेड्यातल्या बाईच्या डोक्यावरची घागर उतरली, ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिच्याविषयी हळहळण्याचे काही कारण नाही. पण विहिरी आणि झरी पिण्याच्या यादीतून बाहेर पडल्या. त्यांवर कपडे आले, गाड्या धुणे आले, कुठे शेजारीच शोषखड्डा आला. गावाने सोडलेले पाणी दोन-तीन वर्षांत किती बिघडते, हे गावालाही कळत नाही, कारण ते कोणी पीत नाही. घराघरांत नळ आला तशी रस्त्याकडेच्या सार्वजनिक नळाची किंमतही उतरली. ज्याला घर नाही, म्हणजे वाटेवरचा, त्याला या शंभर टक्क्यांत जागा नाही.

याला सुंदर अपवाद शिरगावच्या धोंडांचा. व्रताच्या दिवसांत ते पाण्याकाठी मांडव घालतात, तिथेच राहतात, स्वतः शिजवून खातात, सोवळे पाळतात. त्यामुळे त्या झरी-तळ्यांच्या काठांकडे वर्षातून एकदा तरी लक्ष जाते आणि ते साफ होतात. श्रद्धा काही असो, ती पाण्याची राखण आहे. जे पाणी गाव अजून पितो ते वाटसरूने प्यायला हरकत नाही, आणि गावाने सोडले ते त्यानेही सोडावे. हा नियम यंत्राशिवाय चालतो आणि बहुतेक वेळा बरोबर ठरतो.

उपाय : कशाने काय होते

नियम चुकू शकतो, म्हणून हाताशी उपाय हवा. सर्वांत भरवशाचा उपाय उकळणे. खळखळून एक मिनिट उकळले की जंतू, विषाणू आणि परजीवी मरतात. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे लागतात, पण चोर्ल्याचा डोंगर तेवढा उंच नाही. अडचण इंधनाची. उन्हाळ्यात रानात चूल पेटवणे धोक्याचे आहे. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात लागलेले वणवे गोव्याला अजून आठवतात. त्यामुळे उकळायचे ते मुक्कामावर, वाटेत नव्हे.

क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब हलके, स्वस्त आणि औषधाच्या दुकानात मिळणारे. अर्धा तास थांबावे लागते. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन मातीवरच खर्च होते, म्हणून आधी निवळायचे, मग गोळी. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. उलट ट्रेकर वापरतात ते बारीक नळ्यांचे फिल्टर परजीवी आणि जंतू अडवतात, पण विषाणू त्यांतून निसटतात. काविळीचा हेपटायटिस ए विषाणू मायक्रॉनच्या सुमारे तीस-चाळिसाव्या भागाएवढा असतो आणि या फिल्टरची भोके त्याच्या काही पट मोठी असतात. अमेरिकेच्या डोंगरात नुसता फिल्टर पुरतो, कारण तिथे वर माणसे नसतात. आपल्याकडे वर माणसे असतात, म्हणून फिल्टर आणि गोळी दोन्ही घ्यावीत.

पाणी निवळायला तुरटी किंवा निवळीच्या बिया. सुश्रुतसंहितेने पाणी निवळण्याच्या सात साधनांत कतक, म्हणजे निवळी, आणि वस्त्रही गणले आहे. वस्त्राचा हिशेब आधुनिक काळातही झाला. रीटा कोलवेल यांच्या चमूने बांगलादेशात मतलबच्या खेड्यांत जुन्या साडीच्या चार-आठ घड्यांतून पाणी गाळायला लावले, आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला. कॉलऱ्याचा जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना चिकटून राहतो आणि ते जीव कापडात अडकतात. पण विषाणू कापडातून सरळ पार होतात. म्हणून गाळणे ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

वाटेवर सर्वांत सोपा उपाय मात्र ताटाजवळचा आहे. शेतकऱ्याच्या घरी दहा-अकराला मिळणारी पेज हे उकळलेले पाणीच आहे, त्यात मीठ आणि भाताचे सत्त्व जास्तीचे. घामाने गेलेले क्षार भरून काढायला नुसत्या पाण्यापेक्षा ती बरी. टपरीवरचा चहा उकळलेला असतो, त्याच टपरीवरचे ग्लासातले पाणी नसते. आडसराच्या, म्हणजे शहाळ्याच्या, पोटातले पाणी माडाने बंद करून दिलेले असते. सीलबंद बाटली घ्यायचीच तर सील आणि मानक-चिन्ह पाहून घ्यावी. जुलाब लागलेच तर ओआरएसचे पाकीट पाण्याइतकेच महत्त्वाचे. १९७१ च्या निर्वासित छावण्यांत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते तोंडावाटे देऊन हजारो जीव वाचवले होते.

गावाला काय करता येईल

आळंदी-देहूच्या पालखीमार्गावर सरकारी यंत्रणा विहिरींत टीसीएल पावडर टाकते, ओटी टेस्ट करून क्लोरीन उरले आहे का पाहते, टँकर उभे करते. गोव्यातून निघणाऱ्या दिंड्यांना त्या व्यवस्थेपर्यंत पोहोचायला बरेच दिवस लागतात. तोवर ज्याची त्याची सोय. स्पेनमध्ये सांतियागोच्या यात्रेच्या वाटेवर गावोगावच्या कारंज्यांपाशी पाणी पिण्याचे आहे की नाही याची पाटी असते. एवढीशी गोष्ट, पण चालणाऱ्याचा निम्मा घोर मिटतो.

आपल्याकडे हे करायला नवे खाते नको. जलजीवन मिशनखाली गावोगावच्या महिलांना पाणी तपासण्याच्या संचाचे प्रशिक्षण दिले जाते. मैलापाण्याचे प्रदूषण ओळखायची सोपी बाटली-चाचणी तर भारतातच, ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत मांजा आणि सहकाऱ्यांनी तयार केली आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. पाणी काळे झाले तर ते दूषित. तिला एक-दोन दिवस लागतात. वाटसरूला तेवढे थांबता येत नाही, पण पंचायतीला येते. आषाढीच्या दिंड्यांआधी एकदा आणि नोव्हेंबरच्या यात्रेआधी एकदा, वाटेवरच्या पाच-सहा झरी आणि विहिरी तपासायच्या, आणि तिथे चिऱ्यावर रंगाने लिहायचे : पिण्याचे आहे की नाही, आणि तपासल्याची तारीख. तारीख महत्त्वाची, कारण तारखेशिवायची पाटी पाच वर्षांनी खोटे बोलते. ज्या झरीवर पाटी लागेल तिच्या वरच्या उतारावर कोणाला काय बांधू द्यायचे, हा प्रश्न मग ग्रामसभेत आपोआप येईल, आणि तो वाटसरूपेक्षा गावाच्याच कामाचा आहे. नळ एक दिवस आटला की पाण्यासाठी गावालाही त्याच झरीकडे जावे लागते.